मोठेपणाचा हव्यास कसा सोडावा: मंडळीत सेवा करणाऱ्यांसाठी

नाताळच्या कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन चालू आहे. मंडपवाला झाला, साउंडवाला झाला, केक देणारं कुटुंब झालं, पाहुण्यांना शाल-नारळ देऊन झालं. महिनाभर मुलांकडून नाटक बसवून घेणाऱ्याचं नाव तेवढं राहून गेलं. त्याला वाईट वाटलं तर नवल नाही, माणूस आहे. पण पुढच्या वर्षी ‘यंदा ऑफिसचं फार काम आहे’ असं सांगून तो बाजूला राहिला, आणि नव्या माणसाचं नाटक फसावं अशी आतून इच्छा धरून मागच्या बाकावर बसला, तर आधीचं नाटक कोणासाठी चाललं होतं ते कळून चुकतं.

हा लेख अशा माणसांसाठी आहे, म्हणजे मंडळीत (आपल्या चर्चच्या लोकांत) काही ना काही करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांसाठी. जे काहीच करत नाहीत त्यांना हा आजार सहसा होत नाही. त्यांचे आजार वेगळे.

‘प्रभू, मला नम्र कर’ ही प्रार्थना करावीच, पण नुसती प्रार्थना करून खुर्चीवर बसून राहिलं तर हव्यास जागचा हलत नाही. आधी हात कामाला लावावे लागतात, मन मागून येतं. मात्र काम कोणतं आणि ते कशा रीतीनं करायचं, यावर बरंच अवलंबून आहे. वाचताना बायबलमधलं, प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र शेजारी उघडं ठेवा. चारच अध्याय आहेत.

आधी आजार ओळखा

फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. इ.स.पू. ४२ च्या लढाईनंतर तिथे निवृत्त सैनिकांना वसवलं गेलं. रोमचं नागरिकत्व, पदं, मानाच्या पायऱ्या यांचं त्या गावाला भारी अप्रूप. अशा गावातल्या मंडळीला पौल लिहितो की तट पाडायच्या बुद्धीनं किंवा पोकळ डौल मिरवायला काही करू नका. मंडळी चांगली होती, पौलाला वेळोवेळी मदत पाठवणारी होती. तरी चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नावानिशी सांगावं लागलं की एकचित्त व्हा. दोघीही शुभवर्तमानासाठी पौलाच्या बरोबरीनं झटलेल्या. भांडण काम करणाऱ्यांमध्येच होतं, हे विसरू नका.

आणि सांगणारा कोण? याच फिलिप्पैत पौलाला छड्यांनी मारून तुरुंगात टाकलं होतं. तो स्वतः रोमी नागरिक. त्या गावात तेवढा एक शब्द पुरला असता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ वाचा: नागरिकत्वाचा विषय तो दुसऱ्या दिवशी सकाळी काढतो, मार खाऊन झाल्यावर.

आता स्वतःकडे बघा. लक्षणं सांगतो, सगळी लागू व्हायलाच हवीत असं नाही. तुमचं गाणं दुसऱ्यानं म्हटलं की सूर कुठे चुकला ते आधी ऐकू येतं. कमिटीच्या मीटिंगमध्ये एखादी सूचना चांगली आहे हे पटतं, पण ती ज्यानं केली त्याच्यामुळे हात वर होत नाही. ‘लोक म्हणतात’, ‘बऱ्याच जणांचं मत आहे’ अशी वाक्यं तोंडात येऊ लागतात, आणि ते लोक म्हणजे तुम्ही आणि तुमचा मेहुणा.

याचा सर्वांत बारकाईनं काढलेला नमुना २ शमुवेल १५ मध्ये आहे. दावीद राजाचा मुलगा अबशालोम सकाळी लवकर उठून वेशीच्या वाटेवर उभा राहायचा. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्याला जवळ बोलवायचा, गाव विचारायचा, म्हणायचा, तुझं म्हणणं खरं आहे, पण ऐकून घ्यायला राजाचा माणूस आहे कुठे? मला न्यायाधीश केलं असतं तर! कोणी नमस्कार करायला वाकला की त्याला वाकू न देता धरून मुका घ्यायचा. बाहेरून पाहिलं तर ही सेवाच आहे. लवकर उठणं, विचारपूस, जवळीक, काय कमी आहे? उपासना सुटल्यावर फाटकापाशी उभं राहून ‘पाळकसाहेब तुमच्याकडे आलेच नाहीत ना अजून?’ असं विचारणारा माणूस मला दिसतो तेव्हा हा अध्याय आठवतो.

प्रत्येक इच्छा हव्यास नसते

अध्यक्षाचं काम करायची आकांक्षा धरणारा चांगल्या कामाची इच्छा धरतो, असं १ तीमथ्य ३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. जिथे ख्रिस्ताचं नाव पोचलं नाही तिथेच सुवार्ता सांगायची, ही पौलाची हौस रोमकरांस पत्रात आहे. उलट यिर्मयाच्या ४५ व्या अध्यायात त्याचा लेखनिक बारूख याला थेट विचारलं आहे, तू स्वतःसाठी मोठाल्या गोष्टींची इच्छा धरतोस काय? मेख ‘स्वतःसाठी’ मध्ये आहे. ओळखायला एक प्रश्न पुरतो: हेच काम दुसऱ्याच्या नावावर, इतकंच चांगलं पार पडलं, तर मला चालेल का? उत्तर द्यायला वेळ लागला तर तेच उत्तर.

पहिली पायरी: एका माणसाला सांगा

कफर्णहूमला घरी आल्यावर येशूनं शिष्यांना विचारलं, वाटेत कसली चर्चा चालली होती? ते गप्प राहिले, कारण सगळ्यांत मोठा कोण यावर वाद झाला होता. हव्यास गप्प राहून वाढतो. म्हणून तो आधी तोंडानं बोलून टाकायचा.

माणूस निवडताना एक पथ्य पाळा. तो तुमच्या कमिटीतला नको, गायनमंडळातला नको, नात्यातलाही शक्यतो नको. त्याला तुमच्या पदाशी काही देणंघेणं नसावं. आणि सांगताना ‘माझ्यात थोडा अहंकार आहे’ असं गुळमुळीत सांगू नका. असा कबुलीजबाब द्यायला सगळ्यांनाच आवडतं, त्यात थोडी वाहवाही मिळते. नेमकं सांगा: ‘अमक्याला मंडळीचा वडील (पुढारी) नेमलं तेव्हापासून मी त्याच्याशी नीट बोललेलो नाही. त्याच्या संदेशाच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा जातो.’ हे बोलताना घशाला कोरड पडते. पडू द्या.

दुसरी पायरी: काम निवडा

इथे घाई नको. ‘मी सेवा करणार’ म्हणून उठून पुन्हा माइकच धरला तर फरक काय पडला? या कामाला चार गोष्टी असाव्यात. ते दर आठवड्याला किंवा दर महिन्याला परत करावं लागावं. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसावं. त्याचा प्रमुख दुसरा कोणीतरी असावा. आणि ते न झाल्यास कोणाची तरी खरीखुरी अडचण व्हावी. चौथी अट महत्त्वाची, नाहीतर स्वतःला नम्र बनवण्यासाठी उगाच आधीच स्वच्छ असलेली बाकं पुसत बसाल.

प्रीतिभोजनानंतरचं दृश्य घ्या. चर्चच्या मागच्या नळावर तळाला भात करपलेली दोन मोठी पातेली, मटणाच्या रश्श्याचा तवंग धरलेलं तिसरं, काथ्या, साबणाची वडी. पाणी गार, डिसेंबरचा महिना. तिथे चार बायका उकिडव्या बसलेल्या असतात आणि आत हॉलमध्ये पुरुषमंडळी ‘आपल्या मंडळीतलं प्रेम’ या विषयावर दोन शब्द बोलत असतात. पुरुष वाचकांना काम शोधायला लांब जायला नको.

दुसरं मोठं काम मरणाच्या वेळचं. मंडळीत कोणी गेलं की पहिले काही तास घरच्यांना सुचत नाही. डॉक्टरांचा दाखला घेणं, नगरपालिकेत मृत्यूची नोंद, दफनभूमीची परवानगी, पेटी, खड्डा खोदणाऱ्यांना निरोप, मुंबईहून किंवा आखातातून येणाऱ्या मुलाची वाट पाहायची तर तोवर बर्फाची नाहीतर शवागाराची सोय, पाळकांना वेळ कळवणं, आलेल्यांना चहा. मग चौथ्या-पाचव्या दिवशी, सगळे पांगल्यावर, त्या घरी जाऊन विधवेबरोबर बँकेत आणि पेन्शन ऑफिसात जाणं. हे शेवटचं काम जवळजवळ कोणीच करत नाही. दफनविधीला दोनशे माणसं असतात, बँकेच्या रांगेत ती एकटी असते. नोव्हेंबरात म्हाताऱ्या पेन्शनरांना हयातीच्या दाखल्यासाठी नेणं याच यादीतलं.

तिसरं, दवाखाना. सरकारी दवाखान्यात पेशंटजवळ रात्री थांबायला माणूस लागतो. पाच मिनिटं उभ्यानं प्रार्थना करून, सफरचंदं ठेवून जाणारे पुष्कळ. रात्री अकरानंतर सलाइन संपत आली की नर्सला हाक मारणारा, भांडं देणारा, पहाटे घरच्यांना झोपू देणारा एखादाच.

गोव्यातल्या बाणावलीत जन्मलेले संत जोसेफ वाज १६८७ मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेत शिरले. डचांनी तिथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक आजाऱ्यांना सोडून पळाले. वाज मागे राहिले. आपल्या भाच्याला बरोबर घेऊन त्यांनी धर्म न विचारता रोग्यांची शुश्रूषा केली, मेलेल्यांना पुरलं. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळालं, पण साथीच्या वेळी ते परक्या राज्यात, परक्या लोकांच्या जखमा धुत होते. पंडिता रमाबाईंचंही तेच. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं, त्या १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. माणूस पाठवून भागलं असतं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्यांचं बायबलचं मराठी भाषांतर छापलं गेलं, तेव्हा खिळे जुळवायला तिथल्याच बायका-मुली होत्या. भाषांतरावर रमाबाईंचं नाव आहे. त्या मुलींची नावं आपल्याला माहीत नाहीत.

ही पायरी कोणासाठी नाही

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण सेवेच्या उपदेशाचा गैरवापर आपल्याकडे फार होतो. नळावर बसलेल्या त्या चौघींना ‘नम्र सेवा करा’ म्हणून सांगणं हा विनोद आहे. त्यांना कमिटीत जागा द्या, हिशेब बघू द्या, संदेश देऊ द्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांमधल्या लोकांचे आजे-पणजे गावकीची कामं जन्मानं गळ्यात पडली म्हणून करत होते: मेलेली गुरं ओढायची, सांगावे पोचवायचे, वेस राखायची. त्यांच्या नातवानं पुढच्या खुर्चीची इच्छा धरली तर तिला हव्यास म्हणण्याआधी दहादा विचार करावा. आणि पगार थकवून, जास्तीचं राबवून घेऊन ‘प्रभूची सेवा आहे’ म्हणणाऱ्या संस्थेत नोकरी करत असाल तर पगार मागा. त्यात लीनता कमी होत नाही.

सेवेचा उपदेश वरून खाली करायचा नसतो. शिष्यांचे पाय धुताना येशूनं रुमाल स्वतःच्या कमरेला बांधला, पेत्राच्या हातात दिला नाही.

तिसरी पायरी: हाताखाली काम करा

हौशी माणूस भांडी घासायला गेला तरी दुसऱ्या रविवारी तिथे वेळापत्रक लावतो. तिसऱ्या रविवारी ग्रुप काढतो, ‘भांडी सेवा टीम’, ॲडमिन तोच. महिन्याभरात तो भांडी विभागाचा प्रमुख होऊन हात न भिजवता सूचना देत उभा असतो. म्हणून पहिले तीन महिने कोणतीही सुधारणा सुचवायची नाही, असा नियम घाला. मावशी सांगतील ते पातेलं, सांगतील तसं घासायचं. पद्धत चुकीची वाटली तरी. विशेषतः चुकीची वाटली तर.

दुसरा नियम मत्तयच्या सहाव्या अध्यायातला: उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. आजच्या भाषेत, स्टेटस नको. ‘आज थोडी सेवा करायची संधी मिळाली, सर्व गौरव प्रभूला’ हा मजकूर टाकायचा मोह होईल. गौरव प्रभूला गेलेलाच असतो, त्याला तुमच्या पोस्टची वाट पाहायची गरज नाही. घरच्यांना कुठे जाता ते सांगा, तेवढं पुरे.

तिसरं, कोणी तुमची सेवा करायला आलं तर करू द्या. योहान १३ मध्ये पेत्राचा नकार ऐकायला फार नम्र वाटतो: माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. पण त्यात आपण देणारेच राहायचं हा ताठा आहे. आजारी पडल्यावर डबा घेऊन आलेल्याला ‘कशाला, काही गरज नव्हती’ म्हणून परत पाठवणारे सेवक मी पाहिले आहेत.

पाय धुण्यावरून आठवलं. पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) बऱ्याच चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला, आणि त्या बारांमध्ये मुली होत्या, मुस्लिमही होते. आपल्याकडे निवडलेले बारा घरून पाय स्वच्छ घासून येतात. विधी सुंदर आहे, करावा. त्यानं वर्षभराचं काम मात्र भागत नाही.

चौथी पायरी: ज्याचा हेवा वाटतो त्याचं भलं करा

हे भांडी घासण्यापेक्षा अवघड आहे. पौल तुरुंगात असताना बाहेर काही जण हेव्यानं, त्याला तुरुंगात आणखी त्रास व्हावा म्हणून ख्रिस्ताची घोषणा करत होते. पौल फिलिप्पैच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात म्हणतो, कोणत्या का निमित्तानं होईना, ख्रिस्ताची घोषणा होते ना? मला आनंद आहे. गणना ११ मध्ये एलदाद आणि मेदाद छावणीतच संदेश सांगू लागले तेव्हा एका तरुणानं धावत येऊन मोशेला सांगितलं, आणि मोशेचा सेवक यहोशवा म्हणाला, त्यांना थांबवा. मोशेनं त्यालाच विचारलं, माझ्यासाठी तू हेवा करतोस काय? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरं झालं असतं! मोठ्या माणसांच्या चेल्यांनी हे वाचावं, हेवा बहुतेक वेळा त्यांनाच जास्त असतो.

करायचं काय ते सांगतो. त्या माणसाचं नाव घेऊन रोज प्रार्थना करा, आणि ‘त्याला सुबुद्धी दे’ अशी नाही. त्याचं गाणं, त्याचं काम, त्याची मुलं यांना आशीर्वाद मागा. मग त्याच्या पाठीमागे, तिसऱ्या माणसाजवळ, त्याच्या एखाद्या कामाचं खरं कौतुक करा. आणि संधी आली की ती त्याला द्या: संदेशासाठी तुम्हाला बोलावलं तर ‘या विषयावर ते जास्त चांगलं बोलतील’ म्हणून त्याचा नंबर पाठवा. बर्णबानं हेच केलं. यरुशलेमेत सगळे शौलाला (म्हणजे पौलालाच) घाबरत होते तेव्हा तो त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला. अंत्युखियाचं काम वाढलं तेव्हा तार्सला जाऊन शौलाला शोधून आणलं. प्रेषितांची कृत्ये वाचताना लक्ष द्या: आधी ‘बर्णबा व शौल’ येतं, तेराव्या अध्यायाच्या मध्यापासून ‘पौल व बर्णबा’ येऊ लागतं. बर्णबानं यावर तक्रार केल्याची नोंद नाही. पुढे दोघांचं कडाक्याचं वाजलं, पण ते मार्काला बरोबर घ्यायचं की नाही यावरून, म्हणजे तिथेही बर्णबा मागे पडलेल्या माणसाची बाजू घेत होता.

पाचवी पायरी: सोडायला शिका

वाज १६८५ मध्ये गोव्यातल्या ओरेटरियन धर्मगुरूंच्या समूहाचे प्रमुख होते. श्रीलंकेला जायचं म्हणून त्यांनी ते पद सोडलं. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. आपल्याला एवढं कोणी विचारत नाही. संडे स्कूलचं कपाट सोडायचं असतं, तेवढंही जमत नाही.

सोडण्याची तारीख पद घेतानाच ठरवा आणि कमिटीच्या वहीत लिहून घ्या. दुसऱ्या वर्षापासून एक माणूस शेजारी बसवा आणि त्याला चुका करू द्या. सोडताना किल्ल्या, बँकेतली सही, पावतीपुस्तकं, मंडपवाल्यापासून इलेक्ट्रिशियनपर्यंत सगळ्यांचे नंबर, आणि ग्रुपचं ॲडमिनपद, सगळं एका दिवसात द्या. लेखी द्या. त्यानंतर सहा महिने त्या विषयावर विचारल्याशिवाय तोंड उघडू नका, आणि कोणी येऊन ‘तुमच्या वेळी असं नव्हतं हो’ म्हणालं तर विषय बदला. हे वाक्य कानाला फार गोड लागतं. दियत्रफेस नावाचा एक जण योहानाच्या तिसऱ्या पत्रात आहे, ज्याला पुढे पुढे राहायचं होतं. तो पाहुण्या बंधूंना घरात घेत नसे, आणि घेणाऱ्यांना मंडळीबाहेर काढत असे. सुरुवात त्यानंही बहुधा कपाटाच्या किल्लीपासूनच केली असावी.

पद पुन्हा चालून आलं तर

वर्षभरानं असं होईल की तुमचं काम कोणाच्या तरी नजरेत येईल आणि वार्षिक सभेत तुमचं नाव सुचवलं जाईल. नम्रता दाखवायला तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा हो म्हणू नका, ते सगळ्यांना पाठ आहे. सुरुवातीला ज्याच्याजवळ मन मोकळं केलं होतं त्याला आधी विचारा. तो नको म्हणाला तर नको. हो म्हणाला तर एकदाच, साधं ‘बरं’ म्हणा आणि घ्या.

एकच अट घाला, नळावरची पाळी सुटणार नाही. मीटिंग त्याच वेळेला आली तर मीटिंगची वेळ बदलून घ्या.